शोकाकुल कोरियन

कोल्हापुरात माणूस घरात मेला म्हणजे मेला असं होत नाही. चौकात बोर्ड लागला की मग तो खरा मेला. डॉक्टरनं सांगितलेलं लोक एकवेळ मनावर घेत नाहीत, पण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा भलाथोरला फ्लेक्स कोपऱ्यावर दिसला की गाडी बाजूला घेतात, फोटो निरखून बघतात आणि ‘ह्यो गेला व्हय’ म्हणून पुढं जातात.

हे खरं मरण जिथं तयार होतं ती गल्ली शाहूपुरीत आहे, आणि त्या गल्लीत ‘वनराज डिजिटल’ हे दुकान विजयसिंह भोपळ्याचं. नावात सिंह आणि आडनावात भोपळा अशी परमेश्वरानंच थट्टा केल्यावर माणसानं गप्प बसावं. विजयसिंह बसला नाही. त्यानं ‘वनराज’ असं टोपणनाव घेतलं आणि तो कवी झाला.

कवी व्हायचं कारण तसं किरकोळ होतं. बारावीत असताना कॉलेजच्या भित्तिपत्रकात त्याची एक कविता लागली होती आणि खाली त्याचं नाव होतं. त्या नावाकडं बघत तो अख्खी मधली सुट्टी उभा राहिला. कविता कशावर होती ते पुढं त्याला स्वतःलाही आठवेना. पण नाव किती जाड अक्षरात होतं, ते वाचायला कोण थांबलं होतं आणि थांबलेल्यांत मुली किती, हे तो पन्नाशीतही न चुकता सांगायचा. कुणाला देव भेटतो, कुणाला दारू भेटते. भोपळ्याला त्याचं स्वतःचं नाव भेटलं, आणि त्या नादातून तो काही सुटला नाही.

त्यात धंदा पत्करला तो नेमका उलटा. फ्लेक्सवर सगळ्यांची नावं असतात. मेलेल्याचं सगळ्यात मोठं. त्याच्या खाली ‘शोकाकुल’ म्हणून भाऊबंद, तालमीतली पोरं, मित्र मंडळ, आणि ज्यांनी मेलेल्याला जिवंतपणी कधी कटिंग चहा पाजला नाही असे तीस-चाळीस चेहरे, एका मापाचे, परातीत मांडलेल्या वड्यांसारखे. फ्रेम ठोकणाऱ्याचा मोबाइल नंबरसुद्धा कोपऱ्यात असतो. नसतं ते फक्त मधल्या दोन ओळी लिहिणाऱ्याचं नाव. विजयसिंहाच्या ओळी शहरातल्या प्रत्येक चौकात उन्हापावसात टांगलेल्या होत्या, आणि त्या कुणाच्या हे विचारणारा एक मायेचा पूत निघाला नव्हता.

ओळी वाचल्यावर तसं विचारावंसं वाटायचंही नाही म्हणा.

सोडुनी आम्हां गेलास तू रे दूरच्या त्या गावा,
काळीज फुटुनी करितो आम्ही आसवांचा धावा.

ही त्याची सगळ्यात चालणारी. दुकानातलं छपाईचं मशीन दिलदार मुजावर सांभाळायचा. दिलदार त्याचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळं त्याला कविराज वगैरे म्हणायची गरज नव्हती. ही ओळ पहिल्यांदा मशीनवर चढवताना त्यानं विचारलं होतं, “दूरच्या गावा म्हंजे कुठं रं इज्या? गारगोटीला?”

दिलदारला काव्यातलं कळत नाही हे विजयसिंहानं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. काव्यातलं कळत नाही अशा माणसांची त्याची यादी लांबलचक होती, आणि तिच्यात त्याच्या घरची दोन्ही माणसं होती.

त्यातली एक बायको, वर्षाराणी. ती दादासाहेबांच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. जिल्ह्यात दादासाहेब पुष्कळ. हे दादासाहेब म्हणजे शाळा-कॉलेजांचं मोठं जाळं असलेले, ज्यांच्या बंगल्याच्या दारात शिक्षकांना ताटकळत उभं राहावं लागायचं ते. ‘पुढच्या जूनला कायम करतो’ असं ते दर जूनला सांगायचे. अशा पुष्कळ जूननंतर एका जूनला वर्षाराणीच्या जागेवर दादासाहेबांच्या पुतण्याची बायको आली आणि वर्षाराणी घरात बसून पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली. त्या वेळी नवऱ्यानं काय केलं? कविता केली. बायकोनं ती वाचली नाही.

यादीतली दुसरी म्हणजे मुलगी, क्रांती. पोरगी जन्मली तेव्हा विजयसिंह जोशात होता म्हणून नाव ठेवलं क्रांती, आणि त्यानंतर तिनं कधी काही करू नये अशी अपेक्षा बाळगली. तिनं केलं. कोरियन मालिका बघून गल्लीतल्या बाकीच्या पोरी तोंडाला काय फासायचं ते शिकल्या, क्रांती ती भाषाच शिकली. मोबाइलवर शिकली, परीक्षा दिली, पासही झाली. बापाला वाटलं, आता पोरगी कोरियन कंपनीत लागणार. पोरगी लागली एका कोरियन कवीच्या नादाला.

कवीचं नाव ओम दाल-हो. दिलदारनं ऐकल्या ऐकल्या विचारलं, “नाव हाय का डाळीचा भाव?” क्रांती हसली. पण दिलदारकाकाला त्याची सगळी कथा सांगितल्याशिवाय तिनं त्याला मशीनकडं जाऊ दिलं नाही.

समुद्रकाठच्या एका खेड्यात हा दाल-हो जन्मला. बाप मासे धरायला गेला तो आलाच नाही. पोरगा शहरात येऊन कापडगिरणीच्या बॉयलरवर कोळसा ओढायला लागला. गिरणीत सूत भरणाऱ्या पोरी राहायच्या, एका खोलीत दहा-दहा. त्यातली एक खोकून खोकून मेली. तिच्या मैत्रिणी ह्याच्याकडं आल्या, म्हणाल्या, तू काहीबाही लिहीत असतोस, तिच्यासाठी चार ओळी लिही. त्यानं लिहिल्या. तिकडं घरात जाताना चपला दारात काढतात, आपल्यासारख्याच. त्या पोरीच्या चपला खोलीच्या दारात तशाच पडून होत्या. त्यानं तेवढंच लिहिलं.

तुझ्या चपला अजून दारात आहेत,
तोंड घराकडं.
जाणाऱ्या माणसाच्या चपला
अशा नसतात.

कविता हाताहातांतून सगळ्या शहरात गेली. पुढं गिरणीचा मालक मेला. त्याच्या पोरांनी ह्याला बोलावून घेतलं, आमच्या बापासाठी तसलंच एक लिही म्हणाले. हा म्हणाला, तुम्हाला रडणारी माणसं भाड्यानं मिळतील, माझे शब्द मिळणार नाहीत. लष्कराचं राज्य होतं, मालकाचा जावई वर बसलेला. गिरणीत पोरींना चिथावतो असं म्हणून दाल-होला आत टाकलं. सुटल्यावर त्याला कुणी कामावर घेईना. मग त्यानं एका सार्वजनिक न्हाणीघराचा बंब पेटवायचं काम धरलं आणि ते मरेपर्यंत केलं. पुरस्कार आले, ते त्यानं परत पाठवले. दोन बारकी पुस्तकं लिहिली. न्हाणीघराच्या माडीवर भाड्याच्या खोलीत मेला.

“मानूस नाकी नव आणणारा दिसतोय,” दिलदार म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ही मोठीच तारीफ होती.

विजयसिंहाला मात्र कवी आवडला नाही. यमक नाही, वृत्त नाही, चपलांवर कसली कविता लिहायची. आणि पुरस्कार परत पाठवणारा माणूस त्याला मुळातच संशयास्पद वाटायचा. विजयसिंहाला आजवर एकही पुरस्कार मिळाला नव्हता आणि मिळाला असता तर त्यानं तो उशाखाली घेऊन झोप काढली असती.

तरीही त्या ओळी त्याच्या फोनमध्ये होत्या, कारण क्रांतीनं त्या मराठीत करून, न्हाणीघरासमोर उभ्या दाल-होच्या फोटोसकट, घरच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. आणि त्या चौकात गेल्या त्या निव्वळ आळसानं.

झालं असं. कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणारी बाळाबाई वारली. तिची सून चिमणाबाई पदरात एक जुना फोटो बांधून दुकानात आली. शोकाकुलांची मुंडकी नकोत, माजी नगरसेवक नको, एक म्हातारी आणि दोन ओळी. लहानसा बोर्ड, मंडईच्या तोंडाशी लावायला. त्याच दिवशी एका भावी आमदाराचा वाढदिवस होता आणि विजयसिंह त्याला वाघ म्हणावं की सिंह या विचारात बुडालेला होता. म्हातारीसाठी नवं काव्य पाडायला त्याला सवड नव्हती. त्यानं फोन उघडला, ग्रुपवरच्या ओळी उचलल्या आणि बोर्डावर चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी मंडईच्या तोंडाशी लोक उभे. हमाल उभे, गाड्यावाले उभे, पिशवी घेऊन आलेल्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या. चहावाल्यानं सांगितलं, एक म्हातारा तर बोर्ड वाचून घरी परत गेला, भाजी न घेताच. क्रांतीलाही कळलं. ती रागावली नाही. मंडईत जाऊन तिनं फोटो काढला आणि म्हणाली, “पप्पा, त्याला हितं आवडलं असतं.”

बापानं हे ऐकलं, पण ‘त्याला’ हा शब्द सोडून.

त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली ती ‘बाळाबाईच्या बोर्डावरचं हाय की, ते लावा’ म्हणत. गवळी आले, गवंडी आले, मिरजकर तिकटीचा एक शिंपी आला. कुणी विचारलं, तुम्हीच लिहिता व्हय? पहिल्यांदा विजयसिंह नुसता हसला. दुसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली, जशी थोर माणसं घालतात. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं की ह्या ओळी सुचल्या तेव्हा आपण रंकाळ्यावर बसलो होतो. चौथ्या वेळेपर्यंत त्याला ते स्वतःलाही आठवायला लागलं होतं.

खोटं बोलणाऱ्याला एक खोटं पुरत नाही. कवीच्या ओळी घेतल्यावर विजयसिंहाला कवीचं आयुष्यही कमी पडायला लागलं. काव्यकट्ट्यावर, म्हणजे जिथं प्रत्येक कवी स्वतःची कविता झाली की चप्पल घालून निघतो त्या ठिकाणी, त्यानं ‘माझ्या तुरुंगवासाच्या काळात’ अशी सुरुवात केली. तुरुंगवास म्हणजे विनापरवाना बोर्ड लावल्याबद्दल एका दुपारी पोलिस चौकीत बसवलं होतं ते. तिथं त्याला वडापाव मिळाला होता. तो तपशील त्यानं गाळला.

हे सगळं क्रांतीच्या कानावर येत होतं. तिनं बापाला एकदाच समोर बसवलं. गरिबागुरिबांच्या बोर्डावर लावा, म्हणाली, नाव नसलं तरी चालेल, त्यानं त्यांच्यासाठीच लिहिलंय. फक्त कुठल्या बड्याच्या बोर्डावर लावू नका. त्या एका गोष्टीपायी तो माणूस आत गेला होता. विजयसिंहानं ताबडतोब शब्द दिला. शब्द देणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं. आणि त्या वेळी कुठला बडा मेलेलाही नव्हता.

मग दादासाहेब गेले.

दुपारच्या आत दादासाहेबांचा मुलगा राजवीर दुकानासमोर गाडीतून उतरला. एवढ्या मोठ्या घरचा माणूस स्वतः आला म्हणून विजयसिंहानं खुर्ची पुसली, मग पंख्याचं तोंड वळवलं, मग पुन्हा खुर्ची पुसली. राजवीरचं म्हणणं थोडक्यात होतं. शहरातला एक चौक सुटता कामा नये. आणि ओळी त्याच, चपलांच्या. मंडईतल्या भाजीवालीला एवढं चांगलं आणि आमच्या दादांना ‘दूरच्या गावा’, हे बरं दिसणार नाही.

विजयसिंह घुटमळला. दिलेला शब्द आठवला म्हणून घुटमळला, एवढं पुण्य त्याच्या पदरात टाकायला हरकत नाही. राजवीरला वाटलं, माणूस भाव खातोय. तो म्हणाला, “भोपळेसाहेब, ओळींच्या खाली तुमचं नाव टाका. शब्दांकन, कविवर्य विजयसिंह भोपळे. जाड अक्षरात.”

प्रत्येक चौकात, जाड अक्षरात. त्या दुपारी भोपळ्याला कुणी विचारलं असतं की नावाच्या बदल्यात काय देतोस, तर त्यानं दिलदारसकट मशीन दिलं असतं. इथं तर फक्त पोरीला दिलेला शब्द द्यायचा होता.

जेवताना त्यानं विषय काढला, तोही मोठ्या तत्त्वज्ञाच्या आवाजात. मरणापुढं सगळे सारखेच. मेल्यावर कसला राजा आणि कसला रंक. क्रांतीनं घास खाली ठेवला.

“पप्पा, त्यांच्यासाठी तुमचं ‘दूरच्या गावा’ हाय की. ते लावा. हे न्हाय.”

“माझं नाव लागणार हाय, क्रांते. जल्मात पहिल्यांदा.”

“ज्यानं लिवलं त्यानं आलेले पुरस्कारबी परत धाडले. त्याला नावाचं काय पडलं न्हवतं.”

वर्षाराणी पलीकडं शिकवणीच्या पोरांचे पेपर तपासत होती. तिनं मान वर केली नाही. लाल पेन थांबवून ती म्हणाली, “दादासाहेबांच्या चपला कधी दारात नसायच्या. दारात आम्ही असायचो.”

वाक्य चांगलं आहे, कुठंतरी वापरता येईल, हा विजयसिंहाच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार आलाच नाही.

तरी पोरगी सकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, तेव्हा त्यानं एक तोडगा काढला. सगळ्यांचं समाधान करणारा तोडगा काढण्यात तो स्वतःला वाकबगार समजायचा. ओळींच्या खाली जाड अक्षरात आपलं नाव, आणि त्याच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, ‘मूळ कल्पना : ओम दाल-हो, कोरिया’. कवीलाही न्याय, आपल्यालाही न्याय. हे डिझाइन त्यानं राजवीरला पाठवलं आणि निश्चिंत मनानं चहा मागवला.

चहा यायच्या आधी फोन आला. राजवीरचा आवाज बदललेला. हे ओम दाल-हो कोण म्हणाला. कोरियाचे फार थोर कवी आहेत, विजयसिंहानं सांगितलं. पलीकडं कुजबुज झाली. दादासाहेब कधीतरी अभ्यासदौऱ्यावर परदेशी गेले होते. नेमके कुठं, ते घरच्यांना ठाऊक नव्हतं, येताना पाय चेपायचं मशीन आणलं होतं एवढंच ठाऊक. ते कोरियाच असणार असं आता सर्वानुमते ठरलं.

“म्हंजे कोरियातनं दादांच्या दुःखात सामील झालेत म्हणायचं,” राजवीर म्हणाला.

इथं विजयसिंहाला ‘नाही’ म्हणता आलं असतं. एकाक्षरी नसला तरी दोन अक्षरांचा शब्द आहे, कवीला जड जाऊ नये. तो म्हणाला, “तसंच म्हणायचं.”

“मग एवढ्या मोठ्या माणसाचं नाव तळाला आणि फोटो न्हाय? लोक आम्हाला काय म्हणतील? वर घ्या. शोकाकुलमध्ये, पहिल्या नंबरला.”

फोटो घरच्या ग्रुपवरच होता. बारका, वाळलेला म्हातारा, खांद्यावर ओला टॉवेल. टॉवेल नीट कापून घेतला तर उपरण्यासारखा दिसत होता. दिलदारनं सगळी मुंडकी पुन्हा मांडली. कोरियन मोठा घेतल्यावर बाकीच्यांना जागा पुरेना, चेहरे सरकवत सरकवत तो ओळींपर्यंत आला आणि त्यानं हात थांबवला.

“इज्या, तुझं नाव ठेवलं तर एक माजी झेडपी मेंबर काढाय लागतोय. कुणाला काढू?”

विजयसिंहानं राजवीरला फोन लावला. माजी मेंबर आत्याचे सासरे निघाले. नावाचं एवढं काय घेऊन बसलात, शोकसभेत स्टेजवर पुकारू की तुमचं नाव, माइकवरनं, राजवीरनं समजूत घातली. विजयसिंहानं स्वतःच्या नावाकडं पडद्यावर एकदा बघून घेतलं. मग स्वतःच्या बोटानं ते पुसलं. दिलदारनं मशीन सुरू केलं.

अशा रीतीनं, ज्या माणसानं गिरणीमालकासाठी चार ओळी लिहायला नकार देऊन तुरुंग पत्करला, तो कोल्हापूरच्या चौकाचौकात संस्थाचालकासाठी शोकाकुल झाला. तेही स्वतः मेलेला असताना. बोर्डावर मेलेल्याच्या फोटोला हार असतो आणि शोकाकुलांना नसतो, एवढ्या एकाच खुणेनं आपल्याकडं मेलेला कोण आणि जिवंत कोण ते ओळखतात. दाल-होला हार नव्हता. त्यामुळं तो जिवंत होता.

शोकसभा संस्थेच्याच सभागृहात झाली. कायम न झालेले शिक्षक मागच्या खुर्च्यांवर रांगेनं बसवले होते, त्यांची हजेरी घेतली होती. वर्षाराणी आली नाही. क्रांती आली, आणि दिलदारकाकाच्या शेजारी दाराला टेकून उभी राहिली. भाषणं झाली. मग सूत्रसंचालकानं माइकवर पुकारलं, “कोरियाचे महाकवी ओम दाल-हो यांचे इथले निकटवर्ती, श्रीयुत विजयसिंह भोपळे.”

नाव घुमलं. सभागृहाचे स्पीकर चांगले होते. तो सदरा सारखा करत वर गेला. व्यासपीठावरून त्याला लेकीचा चेहरा स्पष्ट दिसला. ती हात बांधून, मान किंचित वाकडी करून बघत होती, जशी ती दुकानात डिझाइनमधली चूक शोधायला बघायची. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. ह्या ओळी गिरणीत मेलेल्या पोरीच्या आहेत, एवढं म्हटलं असतं तरी मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांनी त्याचं नाव जन्मभर लक्षात ठेवलं असतं. त्याला हवं होतं ते तिथं, हाताच्या अंतरावर होतं.

भोपळ्यानं घसा खाकरला आणि सांगितलं की काल कवींचा फोन आला होता.

एकदा फोन आल्यावर मग तो थांबायला तयार नव्हता. कवी फोनवर रडत होते. दादासाहेबांसारखा माणूस आमच्या देशात झाला नाही म्हणाले. दादासाहेबांनी कोरियात माझ्या घरी चपला काढल्या होत्या, त्या चपला अजून डोळ्यांसमोर आहेत म्हणाले. पुढच्या रांगेत बायका हुंदके द्यायला लागल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. मागच्या खुर्च्यांवर कुणी वाजवल्या नाहीत.

सूत्रसंचालकानं आभार मानताना ओम दाल-होंचे आभार मानले. भोपळ्याचं नाव तो विसरला.

संध्याकाळी क्रांतीनं त्याच्या ताटात भात वाढला. वर आमटी घातली. मग शांतपणे विचारलं, “पप्पा, काय म्हणला तो फोनवर? मरून वर्षं झाली की त्याला. आवाज येत हुता न्हवं नीट?”

तो भात कालवत राहिला. वर्षाराणीनं लोणच्याची बरणी पुढं सरकवली. त्यानंतर त्या घरात दाल-होचं नाव कुणी काढलं नाही, आणि ग्रुपवर कविता येणं बंद झालं.

पण गावात दाल-हो कुठला थांबतोय. दादासाहेबांच्या दुःखात कोरिया सामील, म्हटल्यावर दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी खलबतं झाली. त्यांची आई गेली तेव्हा माणूस दुकानात आला तो थेट म्हणाला, “कोरियन लावायचा.” मग एका बिल्डरच्या चुलत्याला लावला. मग एका पैलवानाच्या वस्तादाला. ‘कोरियन हाय का, का नुसताच?’ अशी बोर्डाची प्रतवारी ठरली. चंदगडकडच्या एका पावण्यानं तर जिवंत बापाचा बोर्ड आधीच सांगून ठेवला, तेवढा कोरियन राखून ठेवा म्हणाला. शेवटी एका होतकरू नेत्याचा वाढदिवस आला आणि शुभेच्छुकांत पहिल्या नंबरला, टॉवेलचं उपरणं सावरत, ओम दाल-हो हजर झाले. जन्मभर कुणाच्या दारात न गेलेला माणूस कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या बड्यांच्या सुखदुःखात भोपळ्यानं नेऊन उभा केला.

आणि भोपळ्याला काय मिळालं? लोक त्याला ‘कोरियनवाला’ म्हणायला लागले. दुकानावरची ‘वनराज’ ही पाटी कुणी वाचेना. फोनवर गिऱ्हाईक विचारायचं, “कोरियनवाल्याचं दुकान न्हवं हे?” आणि तो ‘व्हय, बोला’ म्हणायचा. दुकान जोरात चाललं होतं. काव्यकट्ट्यावर तो उभा राहिला की पोरं ओरडायची, ‘फोन आला व्हता काय?’ म्हणून त्यानं तिकडं जाणं सोडलं.

फ्लेक्सचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेरावा उरकला की बोर्ड उतरतात. कापड टिकाऊ असतं, ते गोठ्यावर जातं, कडब्यावर जातं, गाड्यावर जातं. शहरभर अशी थोर माणसं म्हशींवर सावली धरून असतात, आणि जिवंतपणी केली नाही एवढी समाजसेवा करतात.

एकदा वर्षाराणीनं भाजी आणायला पाठवलं म्हणून विजयसिंह कपिलतीर्थला गेला. बाळाबाईच्या जागेवर चिमणाबाई बसली होती. डोक्यावर छप्पर म्हणून तिनं दादासाहेबांचा फ्लेक्स ताणून बांधला होता. सगळा मावला नव्हता. दादासाहेबांचं हार घातलेलं डोकं कापून तिनं बटाट्यांवर टाकलं होतं, खाली जमीन ओली होती म्हणून त्यातलंच अर्धं बुडाखाली घेतलं होतं. वर राहिल्या होत्या त्या चार ओळी, आणि त्यांच्याखाली टॉवेलवाला म्हातारा.

विजयसिंह थबकला. मेथीची जुडी उचलून खाली ठेवली. आजूबाजूला गर्दी होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं. त्याचं जुनं दुखणं उसळून वर आलं.

“मावशी, ह्या ओळी कुणाच्या, म्हाईत हाय का?”

“म्हाईत नसाय काय झालं,” चिमणाबाई जुडी झटकत म्हणाली. “आमच्या आत्तीच्या हायेत. सासू वारली तवा आमच्या बोर्डावर लागल्या पयल्यांदा. मग ह्या सायबाच्या घरच्यांनी उचलल्या. मोठी मानसं, दुसऱ्याचं काय सोडत्यात व्हय.”

“ते खरं. पण लिहिल्या कुणी?”

चिमणाबाईनं मान वर करून छपराकडं बघितलं. चार ओळी तिला वाचता येत होत्या की नव्हत्या कुणास ठाऊक, तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं. “ह्यानं लिवल्या आसत्याल. राबल्यालं त्वांड हाय, दिसतंय की.”

मग तिनं समोरच्या माणसाकडं नीट बघितलं, आणि तिला ओळख पटली.

“तुमी बोर्ड छापणारं न्हवं? मग तुमास्नीच ठावं पायजे की. मला काय इचारताय?”

मागं दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. चिमणाबाईला खोळंबा नको होता. मेथी घेताय का शेपू, तिनं विचारलं. विजयसिंहानं पिशवी उघडी धरली आणि म्हणाला, द्या कुठलंबी.